जुन्या भूमिगत ड्रेनेज लाइनला नवीन संडास-न्हाणीची जोडणी: पातळी, चेंबर आणि सांधा

मातीकाम

घराच्या मागच्या बाजूला तळमजल्यावर एक संडास, एक न्हाणी आणि वॉशबेसिन नव्याने काढायचं आहे. अंगणातून जुनी ड्रेनेज लाइन जाते. १५० मि.मी.चा स्टोनवेअर (भाजलेल्या मातीचा चकाकी दिलेला) पाइप आहे, सांधे सिमेंटने भरलेले. लाइनवर १४ मीटर अंतराने दोन चेंबरं आहेत आणि नवं बांधकाम साधारण त्यांच्या मधोमध येतं.

संडासाच्या आउटलेटपासून जुन्या लाइनपर्यंत सरळ अंतर ९ मीटर. जोडाच्या जागी जुन्या पाइपचा आतला तळ नव्या फरशीपासून अंदाजे १०१० मि.मी. खाली येईल. अंगण फरशीपेक्षा १५० मि.मी. खाली आहे. पायाचा तळ फरशीपासून ७५० मि.मी. खाली. नवी लाइन ११० मि.मी. पीव्हीसीची टाकायचं ठरलंय.

ढाळ किती द्यावा, थेट पाइपला जोड घ्यावा की चेंबर बांधावं, सॅडल (पाइपला भोक पाडून वर बसवायचा खोगिरासारखा जोड) चालतं का आणि प्लास्टिक स्टोनवेअरला जोडताना सांधा कसला करावा, एवढं सांगा. लाइन पूर्ण आमच्या हद्दीत आहे, शेजाऱ्यांचं पाणी तिच्यात येत नाही. नव्या जोडणीची परवानगी घेतलेली आहे.

ढाळ

माप चांगलं दिलंत, पण 'अंदाजे' आधी काढून टाका. या कामात बाकी सगळं जुन्या पाइपच्या तळाच्या पातळीवरून ठरतं, त्यामुळे सुरुवात घराकडून करू नका, जुन्या लाइनकडून करा.

दोन्ही चेंबरांची झाकणं उघडा. नव्या फरशीची पातळी लेव्हलच्या नळीने चेंबरपर्यंत आणा, दोरी ताणा आणि दोरीपासून चेंबरमधल्या नालीच्या तळापर्यंत टेप सोडा. समजा वरच्या चेंबरला ८९० आणि खालच्या चेंबरला ११३० आलं, तर १४ मीटरमध्ये २४० मि.मी. उतार आहे, म्हणजे साधारण १:५८. मधोमध तळ बरोबर १०१० येतो. पण हे लाइन सरळ असेल तरच. जुन्या स्टोनवेअरला मध्येच झोळ पडलेला असतो, म्हणून जोडाच्या जागी हाताने खणून पाइप उघडा करा आणि प्रत्यक्ष माप घ्या.

खणल्यावर हाताला लागते ती पाइपची पाठ, तळ नव्हे. पाइपभोवती टेप गुंडाळून परीघ घ्या आणि ३.१४ ने भागा. परीघ ५८५ आला तर बाहेरचा व्यास १८६, म्हणजे भिंतीची जाडी १८. मग पाइपची पाठ फरशीपासून ८४२ वर लागायला हवी. ८६०-८७० ला लागली तर झोळ आहे, आणि झोळात जोड देऊ नये. तिथे मैला आधीच साचत असतो, त्यात तुमचा भर पडेल.

आता तुमची लाइन. नव्या पाइपचा आतला माथा जुन्या पाइपच्या आतल्या माथ्याच्या खाली जाता कामा नये. जुना आतला माथा ८६०. ११० च्या पाइपचा आतला व्यास साधारण १०४, म्हणून जोडाशी नव्या पाइपचा तळ ९६४ पेक्षा खोल नको. याहून खोल गेला तर जुनी लाइन भरून वाहत असताना पाणी तुमच्या पाइपात मागे चढून थांबेल आणि गाळ तिथेच बसेल.

घराकडची मर्यादा पायाची. चराचा तळ पायाच्या तळाखाली न्यायचा नाही. ७५० मधून १०० मि.मी. खडीचा थर आणि पाइपची जाडी वजा केली की सुरुवातीला तळ ६४० घेता येतो. तिथून १:४० ने ९ मीटरला २२५ उतरतं, शेवट येतो ८६५ ला. ९६४ च्या वर जवळजवळ १०० मि.मी. शिल्लक राहते. तुमचं गणित आरामात बसतंय.

नवखा

उरलेले १०० मि.मी. पण ढाळातच का वापरू नयेत? ६४० ते ९६४ म्हणजे १:२८ होईल. पण जास्त ढाळ दिला की पाणी पुढे पळतं आणि मैला मागे राहतो असंही सगळे सांगतात. मग खरं काय?

ढाळ

@नवखा, घरगुती लांबीत ही भीती वाजवीपेक्षा जास्त सांगितली जाते. ११० चा पाइप पूर्ण भरून वाहिला असं धरलं तर १:५० ला वेग सेकंदाला साधारण १.१ मीटर येतो, १:२८ ला १.५ मीटर. पाइप स्वतःहून धुऊन निघायला ०.७५ च्या आसपास वेग लागतो आणि झीज होऊ नये म्हणून ३ च्या आत ठेवतात. दोन्ही ढाळ या मर्यादांच्या आत आहेत.

मैला अडतो तो ढाळ मध्येच बदलल्यामुळे. पहिले ४ मीटर १:३० आणि पुढचे ५ मीटर १:९० असं झालं की बदलाच्या जागी वेग पडतो आणि गाळ बसतो. म्हणून संपूर्ण लांबीला एकच ढाळ. ११० ला १:४० ते १:६०, १६० ला १:६० ते १:१०० या पट्ट्यात राहिलात तर चुकण्याची शक्यता कमी. उरलेली उंची जोडाजवळ चेंबरच्या आत उतरवा, चरात नको. जोडाशी फरक ६०० मि.मी.च्या वर गेला तरच उभा ड्रॉप काढावा लागतो, इथे त्याचा प्रश्नच नाही.

ओळंबा

मोजणीबद्दल सहमत. पण एक गोष्ट सुचवतो. जुना पाइप फोडायचाच कशाला? नवी लाइन तिरकी खालच्या चेंबरमध्ये न्या. ९ मीटर आडवं आणि ७ मीटर लांबीत, म्हणजे तिरकं अंतर ११.४ मीटर. १:४० ने २८५ उतरेल, शेवट ९२५ ला. खालच्या चेंबरचा तळ ११३० आहे, भरपूर जागा. आणि लाइन आपोआप प्रवाहाच्या दिशेला कलती आत येते. अडीच मीटर जास्त पाइप लागेल, पण जिवंत लाइनवर छिन्नी चालवावी लागणार नाही.

चेंबरच्या भिंतीला भोक पाडताना नालीवर पाइप उभा चिरून पालथा ठेवा, वर गोणपाट. विटांचे तुकडे आणि चुरा लाइनमध्ये गेला तर तो पुढे कुठे अडेल हे सांगता येत नाही. भोक पाडायला घण नको, छिन्नी आणि हलका हातोडा. पाइप भिंतीच्या आतल्या अंगाशी सपाट कापा, आत डोकावू देऊ नका. तिथून जुन्या नालीपर्यंत अर्धगोल वळणाची नाली करून प्रवाहाच्या दिशेने मिळवा.

मातीकाम

@ओळंबा, कल्पना आवडली, पण त्या तिरक्या रेषेत पिण्याच्या पाण्याची जमिनीखालची टाकी येते. वळसा घेतला तर दोन कोपरे वाढतात.

ओळंबा

मग सोडून द्या. पिण्याच्या टाकीच्या अंगाने सांडपाण्याची लाइन नेऊच नये. आज सांधा पक्का असला तरी पुढे कधी गळेल ते बाहेरून दिसत नाही, आणि टाकीला केसाएवढी चीर असली तरी ते पाणी आत ओढलं जातं. मधोमध नवं चेंबर बांधा.

सांधा_पक्का

मीही चेंबरच म्हणेन. जमिनीत पुरलेला आंधळा जोड तुंबला तर सळई घालायला तोंडच राहत नाही. जिथे दोन लाइनी मिळतात, दिशा बदलते किंवा ढाळ बदलतो तिथे उघडता येईल असं तोंड हवं.

चालू लाइनवर चेंबर बांधायची पद्धत सविस्तर लिहितो, कारण यात लाइन बंद फार कमी वेळ ठेवावी लागते.

अंगणापासून तुमचा तळ ८६० खोल आहे. या खोलीला चेंबर आतून ९० × ८० सें.मी. ठेवा, लांब बाजू जुन्या लाइनच्या दिशेने. खड्डा त्याच्या सगळ्या बाजूंनी ४०-४५ सें.मी. मोठा, म्हणजे २३ सें.मी.ची भिंत आणि बाहेरून हात चालायला जागा मिळते. जुन्या पाइपच्या खालची माती एकदम काढू नका. स्टोनवेअरचे जुने नग बहुतेक ६० सें.मी.चे असतात, तेव्हा या खड्ड्यात दोन-तीन सांधे उघडे पडणार. आधार गेला की सिमेंटचा सांधा तडकतो आणि पाणी खड्ड्यात येतं. अर्ध्या लांबीखाली खणा, तिथे काँक्रीट भरा, ते घट्ट झालं की उरलेली अर्धी लांबी. पाइपखाली १५० मि.मी. काँक्रीट हवं.

मग दोन्ही बाजूंनी पाइपच्या मध्यरेषेपर्यंत काँक्रीट चढवा. पाइपचा खालचा अर्धा भाग काँक्रीटमध्ये पूर्ण बसला पाहिजे, कारण तीच पुढे तुमची नाली होणार आहे. त्यावर भिंती उभ्या करा. जुना पाइप भिंतीतून जातो तिथे पाइपवर विटेचं वजन येऊ देऊ नका, वर विटांची छोटी कमान किंवा फरशीचा तुकडा टाका. नवा ११० चा पाइप भिंतीत त्याच वेळी बसवा. त्याची दिशा जुन्या प्रवाहाकडे कलती ठेवा, म्हणजे पाणी वाहत्या धारेबरोबर मिळेल, समोरच्या भिंतीवर आदळणार नाही. पाइप काटकोनातच येत असेल तर चेंबरच्या आतच ४५ अंशाचं वळण देऊन नाली फिरवा.

एवढा वेळ जुनी लाइन चालूच असते. भिंतींना आतून गिलावा करून आणि किमान आठवडाभर पाणी मारून झालं की मगच पाइप उघडायचा. वरच्या चेंबरमध्ये खालच्या बाजूच्या तोंडाला फुगवायचा रबरी बूच लावा आणि घरातल्यांना पाणी सोडू नका म्हणून सांगा. अँगल ग्राइंडरला हिऱ्याची चकती लावून पाइपच्या दोन्ही कुशींना मध्यरेषेवर आडवी चीर द्या, मग भिंतीच्या आतल्या कडांशी पाठीवर आडव्या चिरा. चीर जाडीच्या पार जायला हवी. अर्धवट चिरून हातोड्याने उडवायला गेलात की भेग काँक्रीटमधल्या भागात उतरते. वरचा अर्धा भाग तुकड्यातुकड्यांनी उचलून काढा. कापताना पाण्याची बारीक धार धरा, म्हणजे धूळ उडत नाही. ही धूळ सिलिकाची असते, छातीला फार वाईट. पाणी मारायचं म्हणून ग्राइंडरला आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) असलेल्या बोर्डावरूनच वीज द्या.

शेवटी नालीच्या दोन्ही बाजूंना बेंचिंग, म्हणजे नालीकडे उतरता काँक्रीटचा भराव. नालीच्या कडा आधी उभ्या न्या, किमान पाइपच्या माथ्याइतक्या, आणि मग भिंतीकडे १:६ चा चढ. बेंचिंग सपाट ठेवलं तर मैला त्यावर बसून सुकतो. पोलादी थापीने घोटून गुळगुळीत करा. नव्या पाइपचे उरलेले १०० मि.मी. याच बेंचिंगमध्ये गोलाईने उतरवा.

नवखा

आमच्याकडे चेंबरला जागाच नाही, लाइन अरुंद बोळातून जाते. पाइपवर सॅडल बसवलं तर? आणि वाय (इंग्रजी Y च्या आकाराचा फांदीचा तुकडा) घालायचा असेल तर?

सांधा_पक्का

सॅडल तेव्हाच, जेव्हा जुनी लाइन फांदीपेक्षा मोठी असते. १५० वर ११० चालतं, ११० वर ११० अजिबात नाही. एवढं मोठं भोक पाडलं की पाइपची अर्धी पाठ जाते. भोक वरच्या अर्ध्या भागात, आडव्यापासून ४५ अंश वर, आणि होल-सॉनेच. छिन्नीने पाडलेल्या भोकाच्या कडा फाटतात, त्यातून चिरा निघतात. मधला पायलट ड्रिल कापलेली चकती धरून ठेवतो, ती आत पडू देऊ नका. पडली तर काढल्याशिवाय पुढचं काम नाही.

सॅडलच्या जोडात तुंबण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे फांदीचा पाइप मुख्य पाइपच्या आत घुसलेला असणं. २० मि.मी. जरी आत आला तरी केस, चिंध्या, सॅनिटरी पॅड त्याला अडकतात आणि मागे गोळा वाढत जातो. सॅडलला थांबा असलेलाच नग घ्या, म्हणजे पाइप आत सरकत नाही. साधा पाइप भोकात घालून भोवती सिमेंट लिंपणं हा जोड नव्हे, ती पुढच्या दुरुस्तीची तयारी आहे.

पाइप बरा असेल आणि थोडी जागा असेल तर सॅडलपेक्षा वाय चांगला. १६० × ११० चा ४५ अंशाचा प्लास्टिक वाय, दोन्ही टोकांना सरळ तुकडे जोडून, आणि स्टोनवेअरला जोडायला स्टेनलेस पट्ट्यांची दोन लवचीक रबरी कपलिंगं. काटकोनी टी नको, कितीही जागा वाचत असली तरी.

समजा वाय आणि तुकडे मिळून ५२० मि.मी. झाले, तर जुना पाइप ५४० कापा, दोन्हीकडे १० मि.मी. फट राहील. इथेही ६० सें.मी.चे नग लक्षात ठेवा. कापून काढायच्या भागात सॉकेट (नगाचं रुंद तोंड, ज्यात पुढचा नग बसतो) आलं तर उत्तम, ते निघूनच जाईल. पण कापलेल्या कडेपासून पुढे किमान १०० मि.मी. साधा गोल पाइप हवा, कारण कपलिंग सॉकेटवर बसत नाही. म्हणून आधी सॉकेटच्या जागा खडूने खुणा करा, मग कापायची जागा ठरवा.

कापण्यापूर्वी दोन्ही बाजूंचा पाइप विटांच्या किंवा लाकडी ठोकळ्यांच्या आधारावर घ्या. खाली १५० मि.मी. मोकळं करा, नाहीतर खालची बाजू कापता येत नाही आणि पट्टीचा स्क्रू पिळायला हात जात नाही. साखळीचा पाइप-कटर मिळाला तर त्याच्यासारखं काही नाही, वेटोळं घालून आवळला की स्टोनवेअर गोल तुटतं. पाइप जुना आणि खवलेला असेल तर मात्र ग्राइंडर, कारण साखळीने तो चुरतो.

बसवताना कपलिंगं आधी पूर्णपणे जुन्या पाइपवर मागे सरकवा, मधला तुकडा ठेवा, जुन्या पाइपवर मार्करने कपलिंगच्या निम्म्या लांबीची खूण करा आणि खुणेपर्यंत परत ओढा. जुना पाइप १८६ आणि नवा १६० बाहेरून, म्हणून नव्या बाजूला फरक भरून काढणारी रबरी रिंग घाला. नुसती पट्टी आवळून फरक मारला तर नवा पाइप एका बाजूला बसतो, तळाशी पायरी तयार होते आणि तिथे मैला थटतो. वंगण म्हणून साबणाचं पाणी. ग्रीस, ऑइल, गोडं तेल काहीही नको, रबर फुगतं. पट्टी आवळण्याचा टॉर्क कपलिंगवर छापलेला असतो, तेवढाच द्या. वायची फांदी आडवी न ठेवता ३०-४५ अंश वर कलती ठेवा.

ओळंबा

एक धोक्याची सूचना. जुना पाइप राखाडी आणि तंतुमय तुटत असेल तर तो ॲस्बेस्टॉस सिमेंटचा असू शकतो. त्याला ग्राइंडर लावू नका. सुका कापला की तंतू हवेत जातात. ते काम त्यातल्या माहीतगाराकडेच द्या.

निचरा

पाइपकाम सगळ्यांनी छान सांगितलं, पण हवेचा विषय राहिला. ९ मीटरच्या लाइनच्या शेंड्याला संडास, आणि त्याच लाइनवर न्हाणी. संडासाची टाकी सोडली की मागे निर्वात ओढ तयार होते आणि न्हाणी ट्रॅपमधलं, म्हणजे वास अडवण्यासाठी पाणी धरून ठेवणाऱ्या भागातलं, पाणी खेचलं जातं. ट्रॅपमध्ये ५० मि.मी. पाण्याची सील हवी. ती तुटली की वास सुरू होतो, आणि लोक मग फिनेल ओतत बसतात. शेंड्याला ७५ मि.मी.चा व्हेंट (हवेचा) पाइप उभा करा. ३ मीटरच्या आत खिडकी असेल तर व्हेंटचं तोंड तिच्या माथ्यापेक्षा किमान ९० सें.मी. वर न्या आणि वर जाळीची टोपी लावा.

न्हाणी आणि बेसिनचं पाणी बाहेर गली ट्रॅपमध्ये (घराबाहेर जमिनीत बसवलेला ट्रॅप) घ्या, तिथून लाइनला. संडास थेट. न्हाणीचा पाइप संडासाच्या लाइनला मिळवायचाच असेल तर तोही वायने, संडासाच्या मिळणीच्या पुढे.

पावसाचं पाणी या लाइनमध्ये सोडू नका, अंगणातलं नाही आणि गच्चीवरचंही नाही. एका जोराच्या सरीत लाइन माथ्यापर्यंत भरते आणि पाणी सगळ्यात खालच्या ट्रॅपमधून घरात येतं. आणि जुनी लाइन खरंच मैल्याचीच आहे ना, हे रंगाने तपासा. जुन्या घरातल्या संडासात रंगाचं पाणी ओता, दोन्ही चेंबरांमध्ये रंग दिसला पाहिजे. कधी कधी जो पाइप सांडपाण्याचा समजतो तो पावसाळी नाल्याला गेलेला असतो.

तुमची नवी फरशी वरच्या बाजूच्या रस्त्यावरच्या मॅनहोलच्या झाकणापेक्षा खाली आहे का, तेही बघा. खाली असेल तर रस्त्यावरची लाइन तुंबल्यावर पाणी झाकणातून बाहेर पडण्याआधी तुमच्या न्हाणीत येईल. अशा वेळी नव्या लाइनवर बॅकफ्लो व्हॉल्व्ह (उलटं येणारं पाणी अडवणारी झडप) हवा, तोही हात पोचेल अशा चेंबरमध्ये. पुरून टाकलेल्या व्हॉल्व्हच्या झडपेत घाण अडकली की तो बंद होत नाही. वरच्या मजल्याचं पाणी त्या व्हॉल्व्हमधून नेऊ नका. व्हॉल्व्ह बंद असताना तेच पाणी तुमच्या तळमजल्यावर येईल.

मातीकाम

@निचरा, फरशी रस्त्याच्या झाकणापेक्षा ४० सें.मी. वर आहे, मोजली. व्हेंट राहिलाच होता, आता नकाशात घेतला.

चर आणि भरणीबद्दल कुणी सांगेल का? आमच्याकडचा गवंडी म्हणतो, निघालेली माती तशीच ढकलू, मुरूमच आहे.

ढाळ

पीव्हीसी लवचीक आहे, त्याचं बळ बाजूच्या भरावावर असतं. चर पाइपपेक्षा ३०० मि.मी. रुंद. तळाशी १०० मि.मी. बारीक खडी, साधारण १० मि.मी.ची. सॉकेट येतं तिथे खडीत ओंजळभर खळगा करा, नाहीतर पाइप सॉकेटवर टेकून मध्ये अधांतरी राहतो. ढाळ तपासायला २ मीटरची सरळ फळी, एका टोकाला ५० मि.मी.चा ठोकळा आणि वर स्पिरिट लेव्हल. ठोकळ्याचं टोक उताराच्या बाजूला ठेवून बुडबुडा मध्यावर आला की १:४० झाला. प्रत्येक नगावर हे करा.

दोन्ही कुशींत खडी एकाच वेळी भरा आणि काठीने ठासा, पाइपच्या वर १०० मि.मी. पर्यंत. त्यावर चाळलेली माती, ३०० मि.मी. जाड होईपर्यंत पायानेच दाबायची. धुम्मस किंवा यंत्र त्यानंतर. मुरमातले मुठीएवढे दगड पाइपला टेकले की एकाच जागी दाब येतो आणि पाइप हळूहळू अंडाकृती होतो. निघालेला मुरूम वरच्या थरात खुशाल वापरा.

घराजवळ पाइपवर आच्छादन फक्त ३८ सें.मी. येतं, चेंबरजवळ ६१. पहिले ३-४ मीटर खडीच्या वर थोडं अंतर सोडून शहाबादी फरश्या टाका, पुढे कुणी कुदळ मारली तर पाइप वाचेल. गाडी जाणार असेल तर ही खोली पुरणार नाही.

सांधा_पक्का

पाइप घराच्या भिंतीतून बाहेर येतो तिथे भोक पाइपपेक्षा मोठं ठेवा, सगळीकडून ५० मि.मी. मोकळं, वर लिंटेल, आणि दोन्ही अंगांनी पत्रा लावून माती-उंदीर अडवा. पाइप भिंतीत सिमेंटने जाम केला तर भिंत जरा खचली तरी पाइप तिथेच कापला जातो. भिंतीच्या बाहेर १५० मि.मी.वर एक रबरी रिंगचा सांधा आणि तिथून ६०० मि.मी.वर दुसरा. मधला तुकडा थोडा हलू शकतो. नव्या चेंबरच्या भिंतीबाहेरही हेच. तिथे पाइप भिंतीत पक्का असतो, म्हणून हलण्याची सोय बाहेर लागते.

रिंगच्या सांध्यात पाइप पूर्ण आत ढकलून खूण करा आणि १० मि.मी. मागे ओढा, ती जागा पाइप वाढण्यासाठी. टोकाला १५ अंशाचा उतरता कोन कानशीने काढा. नाही काढला तर रिंग दुमडते आणि ते बाहेरून कळत नाही.

नवखा

चाचणी कशी करायची? पाणी सोडलं आणि गेलं म्हणजे झालं?

ढाळ

पाणी गेलं म्हणजे ढाळ आहे एवढंच कळलं, गळती नाही हे नाही कळलं. भरणी करण्याआधी खालच्या टोकाला बूच लावा, वरच्या टोकाला उभा पाइप जोडून १.५ मीटर उंचीपर्यंत पाणी भरा. पहिला तासभर पातळी थोडी उतरते, हवा निघते. मग पुन्हा भरून खूण करा आणि अर्धा तास बघा. ९ मीटरच्या लाइनला अर्ध्या तासात अर्धा लिटरपेक्षा जास्त वर घालावं लागलं तर सांधा शोधा.

पाणी नको असेल तर हवा. दोन्हीकडे बूच, यू-नळीत १०० मि.मी. पाण्याचा दाब, पाच मिनिटं स्थिर होऊ द्या, पुढच्या पाच मिनिटांत २५ मि.मी.पेक्षा जास्त उतरता कामा नये. उघड्या चरात पाइपवर ऊन आलं-गेलं की हवेचा दाब बदलतो, म्हणून सकाळी करा. शेवटी आतल्या व्यासापेक्षा १३ मि.मी. कमी व्यासाची गुळगुळीत गोळी वरून सोडा. ती न अडता चेंबरमध्ये आली की आत चिकटलेला सिमेंटचा गोळा किंवा वाकडा सांधा नाही. वाय घातला असेल तर कपलिंगांभोवती कोरडा टिश्यू गुंडाळा आणि वरच्या चेंबरमधून चार-पाच बादल्या एकदम ओता. ओल लगेच दिसते.

ओळंबा

हे वाचून कुणी काम सुरू करणार असेल तर एवढं जरूर पाळा.

चेंबर किंवा मॅनहोल उघडल्यावर लगेच वाकून बघू नका. बराच वेळ उघडं ठेवा. आत हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन असू शकतात. सल्फाइडचा वास कमी प्रमाणात असताना येतो, प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो. 'आता वास नाही' म्हणजे धोका गेला असं नाही. विडी, सिगारेट, ठिणगी जवळ नको. ग्राइंडर तर चेंबर उघडून वारा लागल्यानंतरच, आणि दोन्ही चेंबरांची झाकणं काढलेली असताना. माणूस उतरावा लागेल अशा खोल मॅनहोलमध्ये कुणीही उतरायचं नाही, पडलेल्याला काढायलासुद्धा नाही. असल्या अपघातांत दुसरा आणि तिसरा जीव वाचवायला गेलेल्यांचाच जातो. काम वरूनच करा, नाहीतर यंत्र मागवा.

हातमोजे, गमबूट, आणि हातापायावर जखम असेल तर त्या माणसाला या कामात घेऊ नका. उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस जखमेतून शिरतो.

निचरा

अजून एक, कारण नव्या लाइनी वापरात येण्याआधीच याने तुंबतात. प्लंबिंग झाल्यावर फरशीवाले येतात. घमेली, थाप्या, ग्राउटची बादली, सगळं नव्या न्हाणी ट्रॅपमध्ये धुतात. सिमेंटचं ते पाणी ढाळाच्या तळाशी पातळ थर धरत जातं आणि दगड होतं. पाइपची सगळी उघडी तोंडं टोपी लावून बंद ठेवा. कागद किंवा चिंधी कोंबू नका, ती आत जाते. काम संपेपर्यंत हत्यारं धुवायला बाहेर वेगळं पिंप. सगळं झाल्यावर ट्रॅपची जाळी काढून हाताने गाळ काढा आणि मगच पहिलं पाणी सोडा.

मातीकाम

दोन्ही चेंबरं आज मोजली. वरचं ८९५, खालचं ११३०. जोडाच्या जागी खणल्यावर पाठ ८४८ वर लागली, परीघ ५८८.

ढाळ

५८८ म्हणजे व्यास १८७, जाडी साधारण १८.५. तळ येतो १०१६ ला. चेंबरांच्या मापावरून मधोमध १०१२-१०१३ यायला हवा होता. तीन-चार मि.मी.चा फरक मोजणीतला धरा, झोळ नाही. पण आतला माथा आता ८६६ आला. नव्या पाइपचा शेवट ८६५ ला ठेवायचा होता तो तसाच राहू द्या, चेंबरच्या नालीत १०५ मि.मी. उतरतील. सुरुवातीच्या ६४० ला हात लावू नका. चराची दोरी बांधली की ९ मीटरची दोन्ही टोकं पुन्हा मोजून इथे टाका, मगच खणायला सुरुवात करा.